राज्य केवढं असावं?

नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यात बाभळी नावाचं गाव आहे. गावाजवळ गोदावरीवर बंधारा आहे, बंधाऱ्याला चौदा दारं आहेत आणि ती दरवर्षी १ जुलैला उचलली जातात. नदीला पूर असो की पात्रात वाळू दिसत असो, तारीख ठरलेली. त्या दिवशी काठावर केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी असतात, महाराष्ट्राचे असतात, तेलंगणाचे असतात. सगळ्यांच्या समोर दारं वर जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत वरच राहतात. म्हणजे गोदावरीत खरं पाणी असतं त्या चार महिन्यांत बंधारा उघडा, आणि पाऊस माघारी गेला की दारं बंद. त्यातूनही जे साठेल त्यातलं ०.६ टीएमसी १ मार्चला खाली सोडायचं. हे सगळं वेळापत्रक सर्वोच्च न्यायालयानं २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालात घालून दिलेलं आहे.

कारण साधं आहे. खाली तेलंगणात पोचमपाडचं धरण आहे, म्हणजे श्रीरामसागर. त्याच्या पाण्याचा फुगवटा सरहद्द ओलांडून नांदेड जिल्ह्यात येतो. आमच्या जलाशयाच्या पोटातच तुम्ही बंधारा बांधलात, असं तेव्हाच्या आंध्र प्रदेशाचं म्हणणं होतं. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांचा ताफा घेऊन बाभळी बघायला निघाले आणि धर्माबादला त्यांना अटक झाली. तेव्हा हे सगळ्या देशाला कळलं.

आता बंधाऱ्याच्या काठावर उभं राहून वर बघा. बाभळीच्या शेतकऱ्याला गावच्या बंधाऱ्याचं दार कधी लावायचं ते ठरवता येत नाही. ग्रामपंचायतीला येत नाही. पंचायत समितीला नाही, जिल्हा परिषदेला नाही, मुंबईच्या मंत्रालयालाही नाही, आणि हैदराबादच्या सचिवालयालाही एकट्यानं नाही. एवढे मजले चढून गेल्यावर दिल्लीत एक निकालपत्र सापडतं आणि त्यात तारीख असते. आणि पाणी तरी केवढं? बंधाऱ्याची पूर्ण क्षमता २.७४ टीएमसी, म्हणजे जवळपास ७,७६० कोटी लिटर.

गावाचं पाणी गावाच्या हातात नसेल तर हा एवढा मोठा देश गावाला हवा कशाला, असं इथं कुणाच्याही मनात येईल. पण बाभळीपासून लातूर फार लांब नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराच्या नळाला पाणी नव्हतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका फेरीत पंचवीस लाख लिटर. कृष्णेचं पाणी तीनशेहून अधिक किलोमीटर रुळांवरून मांजरेच्या खोऱ्यात आलं. हे कुठल्या गावाला जमलं असतं? कुठल्या जिल्ह्याला तरी? त्याला रेल्वे नावाचं देशाएवढं यंत्र लागतं. (गंमत म्हणून हिशेब केला. बाभळीच्या भरलेल्या बंधाऱ्याएवढं पाणी आणायला त्या गाडीला एकतीस हजार फेऱ्या माराव्या लागल्या असत्या.)

एकच देश एका जागी पाणी आणून देतो आणि दुसऱ्या जागी दार उघडं ठेवायला लावतो. राज्य केवढं असावं, हा राज्यशास्त्रातला फार जुना प्रश्न. लिओपोल्ड कोर नावाच्या ऑस्ट्रियन विचारवंतानं १९५७ साली अख्खं पुस्तक लिहून सांगितलं की जगाच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ एकच, काहीतरी फार मोठं झालेलं आहे. वाचताना पटतं. पण नांदेड-लातूरच्या मातीत हा प्रश्न जितका उकरावा तितका चमत्कारिक होत जातो.

या मातीनं मोठी राज्यं भरपूर पाहिली. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत, ते लट्टलूर म्हणजे लातूर. कंधारलाही त्यांच्या खुणा आहेत. मग चालुक्य, यादव, बहामनी, बिदर, अहमदनगर, मोगल आणि शेवटी आसफजाही. त्या शेवटच्या हैदराबाद संस्थानाचा पसारा ८२ हजार चौरस मैलांहून जास्त होता, इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून होतील तेवढा. १९४१ च्या जनगणनेत वस्ती १ कोटी ६३ लाख. स्वतःचं नाणं, हाली सिक्का. स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे, स्वतःचं सैन्य, विमान कंपनीसुद्धा. कागदावर युरोपातल्या कितीतरी देशांपेक्षा भक्कम. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला सगळं संपलं. पाच दिवस! दोन शतकांहून जुनी राजवट आठवड्याच्या आत गेली आणि शेतात पिकं तशीच उभी होती.

असंच काही पाहून चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३० साली आपल्या टिपणात लिहिलं होतं की हिंदुस्थानातली खेडी ही छोटी प्रजासत्ताकं आहेत, राज्यं येतात-जातात आणि खेडी टिकतात. ही कल्पना पुढं फार लांब गेली. गांधीजींच्या ग्रामस्वराज्यात तिचं पार वेगळं, नैतिक रूप दिसतं. २९ जानेवारी १९४८ ला त्यांनी काँग्रेससाठी जो शेवटचा मसुदा लिहिला, त्यात पाच प्रौढांची गावपंचायत हा पाया होता. दुसऱ्या दिवशी दिल्लीत त्यांचा खून झाला. नेमक्या त्याच दिवशी, ३० जानेवारीला, नांदेड जिल्ह्यातल्या उमरी गावात स्वातंत्र्यसैनिकांनी हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली आणि वीस लाखांहून अधिक रक्कम निजामाविरुद्धच्या लढ्याला नेली. ही मंडळी उमरखेडच्या कॅम्पातून आली होती. उमरखेड तेव्हा सरहद्दीपलीकडं, भारताच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. गावोगावचे गट निजामाशी लढू शकले ते पाठीशी दुसरं, अधिक मोठं राज्य होतं म्हणून. छोट्यानं एका मोठ्याशी झुंजताना दुसऱ्या मोठ्याच्या अंगणात तळ ठोकणं हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

मात्र मेटकाफच्या प्रजासत्ताकाच्या आत कोण राज्य करत होतं? निजामी मराठवाड्यात माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी ही वतनं होती, बापाकडून मुलाकडं जाणारी. सारा वसूल करून वर पोचवणं हेच त्यांचं काम. म्हणजे गावाचं सरकार म्हणून जे दिसायचं तो दरबाराचा गावापर्यंत पोचलेला हात होता. आणि गावकुसाबाहेर जे राहत होते त्यांच्या वाट्याला या प्रजासत्ताकात येसकरकी आणि ढोरमेहनत होती. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली आला तेव्हापासून निदान मराठी वाचकाला तरी खेड्याबद्दल भाबडं राहायला सबब उरलेली नाही.

१७ सप्टेंबरनंतर बरोबर अठ्ठेचाळीस दिवसांनी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटना समितीत मसुदा मांडायला उभे राहिले. घटनेत खेड्याला जागा नाही अशी तक्रार होत होती. त्यांनी ती उडवून लावली. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं घर, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मसुद्यानं खेडं सोडून व्यक्ती हे एकक धरलं याचं त्यांना समाधान होतं. सभागृहात पुष्कळ जण दुखावले. त्याच महिन्यात के. संतानम यांची दुरुस्ती आली आणि ग्रामपंचायतींचं कलम ४० मार्गदर्शक तत्त्वांमध्ये घातलं गेलं. आपल्या संविधानात ही दोन्ही मतं शेजारी शेजारी बसलेली आहेत, आणि मला वाटतं अजून भांडतायत.

बाबासाहेब कोणत्या खेड्याबद्दल बोलत होते हे मराठवाड्याला तरी सांगावं लागू नये. ते भाषण झालं त्याच हंगामात इथं काय झालं होतं ते पाहा. आधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली. मग भारतीय फौजांच्या त्या ‘पोलीस कारवाई’नंतर जुनं राज्य गेलेलं आणि नवं पुरतं पोचलेलं नाही अशा दिवसांत, त्याचा सूड निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, आणि सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं घातली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. तो अहवाल वर्षानुवर्षं सरकारनं बाहेर येऊ दिला नाही.

तीस वर्षांनी पुन्हा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव एकमतानं केला. मुंबईत एकमत झालं आणि गावागावांत दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाळून मारण्यात आलं. गावानं राज्याचा ठराव मोडून काढला असं म्हणा हवं तर. छोट्या घटकानं मोठ्याला नकार दिला तो असा. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. म्हणून ‘गावाला सगळे अधिकार द्या’ हे वाक्य कानावर आलं की मी आधी विचारतो, गाव म्हणजे कोण? कुणाच्या ओसरीवर बसून ठरणार?

या सगळ्यात एका वस्तीचा विचार ना मेटकाफनं केला, ना दरबारानं. तांडा. नांदेडच्या मुखेड, कंधार, किनवट भागात आणि लातूरच्या अहमदपूर, उदगीर, जळकोट भागात बंजाऱ्यांचे तांडे पसरलेले आहेत. प्रत्येक तांड्याला नायक, त्याच्या जोडीला कारभारी, आणि भांडणतंटे मिटवायला नसाब ही बैठक. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून अर्धा देश पालथा घालणाऱ्या समाजानं हे फिरतं स्वराज्य चालवलं. दिल्लीत कोण बसलंय याच्याशी त्याचं बिघडत नव्हतं. (नसाबीत पुरुषच बसत, हेही नोंदवून ठेवू.) रेल्वे आली, व्यापार गेला, तांडे माळरानावर स्थिरावले आणि मग महसूल खात्याच्या दारात अडकले. सरकारी दप्तरात ‘बेचिराख गाव’ असा प्रकार असतो. तिथं एकही घर नसतं, पण नाव, शिव आणि सर्व्हे नंबर असतात, त्यामुळं ते गाव असतं. आणि शेकडो माणसांचा तांडा स्वतःचं दप्तर नाही म्हणून शेजारच्या गावाची वाडी धरला जातो! स्वतंत्र महसुली गाव, स्वतंत्र ग्रामपंचायत ही तांड्यांची मागणी म्हणून इतकी जुनी आहे.

आणि महाराष्ट्रातल्या पंचायत राज्याचा आराखडा कुणी केला? अशाच एका तांड्यातून आलेल्या माणसानं. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. घराण्याचं ‘नाईक’ हे आडनावच तांड्याच्या नायकपणातून आलेलं. महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली १९६० साली समिती नेमली गेली. तिनं २२६ शिफारशी केल्या, हा आकडा लातूरच्या अभ्यासिकेत बसलेल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारला तरी तो सांगेल. मात्र मोलाची गोष्ट आकड्यामागं आहे. गांधीजींचं उत्तर होतं गाव. बलवंतराय मेहता समितीनं १९५७ मध्ये खरा जोर दिला तो तालुक्याच्या पातळीवर, पंचायत समितीवर. नाईकांनी जिल्हा धरला. निवडून आलेली, पैसा आणि खाती हाताशी असलेली जिल्हा परिषद बलवान हवी, असं त्यांचं म्हणणं, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात तेच सुरू झालं. राज्य केवढं असावं याचं मराठी उत्तर त्या काळी ‘जिल्ह्याएवढं’ असं निघालं, ते बरंच यशस्वीही झालं. पुढं मंत्रालयानं एकेक खातं परत वर ओढत नेलं, तो भाग वेगळा.

पण जिल्हा तरी कुणी आखला? १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं, आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबीर ही मंडळं नांदेडमधून निघून आंध्रात गेली. आदिलाबादमधून किनवट तालुका आणि इस्लापूर मंडळ नांदेडला आलं. आज लातूर जिल्ह्यात असलेले अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके तोवर बिदर जिल्ह्यात होते. माणसं सकाळी उठली ती दुसऱ्या राज्यात. घटनेच्या कलम ३ प्रमाणं सरहद्द बदलण्याचा अधिकार संसदेचा. विधिमंडळाचं मत मागवायचं, गावाचं नाही. २०१८ मध्ये धर्माबाद परिसरातल्या चाळीसएक गावांच्या सरपंचांनी आम्हाला तेलंगणात घाला अशी मागणी केली. पलीकडं शेतीला चोवीस तास मोफत वीज आणि एकरी पेरणीचं अनुदान दिसत होतं, इकडं तसं काही नव्हतं. मुंबईला एकदम ही गावं आठवली, थोडी धावपळ झाली. गावं आहेत तिथंच आहेत.

हद्दी लोकांना विचारून ठरवल्या तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारूस परगण्याची वस्ती चाळीस हजाराच्या आसपास, आपल्या एखाद्या छोट्या तालुक्यापेक्षाही कमी. तिथं वर्षातून एकदा मतदार उघड्या मैदानात जमतात आणि हात वर करून कायदे करतात. २००६ साली त्यांच्यापुढं प्रस्ताव आला की पंचवीस नगरपालिकांच्या दहा करू. लोकांनी तो फेटाळून त्याच मैदानात ठरवलं, दहा कशाला, तीनच करा. २०११ पासून तीनच आहेत. छोट्या स्वशासनाचा जगातला सर्वांत नामांकित नमुना, आणि त्यानं हात वर करून मोठं व्हायचं ठरवलं! लहान-मोठं हा त्यांचा मुद्दाच नव्हता. विचारलं कुणाला, हा होता.

आपल्याकडं ते मैदान आहे का? आहे. त्याला ग्रामसभा म्हणतात. नांदेड जिल्ह्यात तेराशेच्या आसपास ग्रामपंचायती आहेत, लातुरात आठशेच्या जवळपास. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा अंगवळणी पडलेल्या. त्याआधी महिलांची सभा. सात दिवस आधी नोटीस, गावात दवंडी. सरपंचानं सभाच घेतली नाही तर पद जाऊ शकतं, इतका कायदा कडक. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. मग त्या दिवशी काय होतं? झेंडावंदन होतं, पोरांना बिस्किटं वाटली जातात, पंचायतीसमोर तीस-चाळीस माणसं रेंगाळतात, त्यातली दहा प्रोसिडिंगवर सही करून चहाला जातात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा भरते तिला गणपूर्तीची अटच नाही. कायद्यानं उघडं ठेवलेलं हे दार फार सोयीचं आहे, पाचजणांत गावाचे ठराव होतात.

गावात पैसा नाही हेही आता पूर्वीसारखं खरं नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या निधीतला ८० टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतीकडं आला. पण त्यातला ६० टक्के ‘बंधित’, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असं वरून ठरलेला. उरलेला ४० टक्के अबंधित, त्यावर गावाचं मन चालायचं. घरपट्टीची वसुली जेमतेम असलेल्या गावात स्वराज्य म्हणजे व्यवहारात हा अबंधित वाटा. तो कुठं गेला हे विचारायची जागा तीच, तहकूब झालेली सभा. पद पैशात मोजणारीही गावं आहेत. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथं सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगाला निवडणुका रद्द कराव्या लागल्या. तिथं वरचं राज्य धावून आलं ते बरंच झालं. सरपंचाच्या खुर्चीवर बाई आणि दलित बसले तेही गावानं हौसेनं बसवले नाहीत. १९९३ ला लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं बसवले, आणि पुढं महाराष्ट्रानं बायकांचा वाटा निम्म्यावर नेला.

किनवटला मात्र वेगळंच चित्र आहे. तालुक्यातली बरीच गावं पाचव्या अनुसूचीत येतात, त्यामुळं त्यांना १९९६ चा पेसा कायदा लागू. गोंड, कोलाम, आंध, परधान यांच्या या गावांत मोह, तेंदू यांसारख्या गौण वनोपजावर ग्रामसभेची मालकी, जमीन संपादनाआधी तिच्याशी सल्लामसलत, दारूच्या दुकानावर तिचा शब्द. आणि वाडी-पाड्यालाही स्वतःला गाव म्हणवून घेऊन स्वतःची ग्रामसभा मागता येते. देगलूरच्या माळावरच्या तांड्याला जे मिळत नाही ते याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कायद्यात लिहिलेलं आहे. ग्रामसभेनं ते अंगात भिनवलं तर काय होतं ते गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं दाखवलंय. १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क, आणि प्रत्येक निर्णय सर्वांच्या सहमतीनं. अर्थात मेंढ्यालाही तो हक्क मिळाला २००६ च्या वनहक्क कायद्यानं, म्हणजे दिल्लीनं केलेल्या कायद्यानं.

माझं मत विचाराल तर गावाला अबंधित वाटा वाढवून मिळावा, पेसातले अधिकार अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या ग्रामसभांना आणि तांड्यांनाही द्यावेत, आणि तहकूब सभेची गणपूर्तीतली सूट आधी रद्द करावी. ही सूट राहिली तर बाकीचे दोन अधिकारही त्या पाचजणांच्याच खिशात जातील. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला दाद मागायला तालुका, जिल्हा, उच्च न्यायालय हे सगळे मजले शाबूत हवेतच.

पुण्या-मुंबईत राहून हे वाचणाऱ्या पुष्कळांचं नाव अजून गावच्या मतदार यादीत आहे. ते असेल तर कायद्यानं तुम्ही ग्रामसभेचे सभासद आहात. पुढच्या २६ जानेवारीला किंवा १ मेला गावी असाल तर झेंडावंदन झाल्यावर चहाला जाऊ नका, प्रोसिडिंग बंद होईपर्यंत बसा, आणि अबंधितचा हिशेब मागा. हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं पुरतात.